एकत्रीकरणाचा कागद

मावशीला एक खोड होती. समोर कागद आला की तो मोठ्यानं वाचायचा. मग ती औषधाच्या बाटलीवरची सूचना असो, बसच्या तिकिटामागचा नियम असो, नाहीतर भिंतीवरचं 'येथे थुंकू नये' असो. अक्षर उशिरा हाती लागलेल्या माणसाचं असंच असतं. पोटभर जेवलेला माणूस ताटात टाकतो, उपाशी माणूस बोटं चाटतो.

चाळिशी उलटल्यावर ती शिकली, तीही पहिलीच्या वर्गाच्या दाराबाहेर. झाडू भिंतीला टेकवायचा, उंबऱ्याशी बसायचं आणि आतली पोरं जे घोकतील ते बाहेर बसून घोकायचं. लागोपाठ तीन वर्षं तिनं पहिलीच केली. "पोरं पुढं गेली, मी तिथंच," असं ती स्वतःच हसून सांगायची, "पण कच्चं काही ठेवलं नाही."

शाळा सात खोल्यांची. एका अंगाला लाकडाची वखार, दुसऱ्या अंगाला लाँड्री. वर्गात गणित चालू असताना एका कानात करवत आणि दुसऱ्या कानात धुण्याच्या यंत्राची घरघर. त्या शाळेत मावशीनं बत्तीस वर्षं घंटा दिली, पाणी भरलं, पोरांची नाकं पुसली. दोन वर्षांपूर्वी कागदोपत्री ती निवृत्त झाली, पण पायांना कोण निवृत्त करणार? सकाळी चहा झाला की ते आपले शाळेकडेच वळायचे.

आणि शाळा तर गळायला लागली होती. मोठ्या रस्त्यापलीकडे तीन मजली नवी शाळा उभी राहिली होती. तिची स्वतःची पिवळी बस गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंगा वाजवायची आणि रोज एखाददुसरं पोर गिळून जायची. सात खोल्यांत त्रेसष्ट मुलं उरली.

"मावशी," हेडबाई एकदा म्हणाल्या, "आता जुन्या पोरांनी हात दिला तर ही शाळा टिकेल. त्यांना शोधायचं कसं ते सांगा."

"रजिस्टरं आहेत की."

"पेटीत पाणी गेलंय. सगळी शाई एक झालीय."

मावशीनं कपाळावर बोट टेकवलं. "यात नाही गेलं पाणी. घ्या लिहून."

चार दिवस ती सांगत होती आणि हेडबाई लिहीत होत्या. कोण कुठल्या बाकावर बसायचं, पहिल्या दिवशी कोण किती रडलं, कोणाची बहीण कोणाला दिली, कोण आता बस चालवतो, कोण दवाखान्यात परिचारिका आहे. हेडबाईंचा हात दुखायला लागला, मावशीचं तोंड दुखेना.

अशातच उशिऱ्या आला.

हे नाव मावशीनंच पाडलेलं. पोरगा रोज घंटेनंतर यायचा. आई आजारी, धाकट्या भावंडांचं सगळं उरकून यायचा बिचारा. मोठे गुरुजी उशिरा येणाऱ्याला दिवसभर बाहेर उभं करायचे, म्हणून मावशी त्याला मागच्या फाटकानं आत घ्यायची आणि पाण्याचा डबा हातात देऊन वर्गात पाठवायची, म्हणजे वाटावं की पोरगा कामात होता. सात वर्षं हे चाललं. तोच आता मोठा माणूस झाला होता. शाळांना, संस्थांना सल्ला देणारं त्याचं कार्यालय होतं. सल्ला द्यायचे पैसे मिळतात हेच मावशीला नवल. "आम्ही जन्मभर फुकट वाटला," ती म्हणाली, तर उशिऱ्या पोट धरून हसला.

"मावशी, मी ऐकलं तुम्ही पोरं गोळा करताय. हे असं वहीवर होत नाही. आपण माजी विद्यार्थी संघ काढू. मोठा मेळावा घेऊ."

पूर्वी तो 'ए मावशी' म्हणायचा, आता 'तुम्ही' म्हणत होता. मावशीला ते जरा टोचलं, आणि जरा आवडलंही.

आठ दिवसांनी तो निळी फाईल घेऊन तिच्या घरीच आला. सोबत एक ओळखपत्र, त्यावर छापलेलं: 'संपर्क प्रमुख'. मावशीनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

"आणि हा पाठिंब्याचा कागद. प्रत्येक माजी विद्यार्थ्याची सही घ्यायची. मी गेलो तर लोक म्हणतील कोण हा. तुम्ही गेलात तर कोण नाही म्हणेल?"

मावशीनं चष्मा लावला. "आम्ही या शाळेचे माजी विद्यार्थी असून, शाळेचे व मुलांचे हित लक्षात घेता, शाळेच्या एकत्रीकरणास आमचा पाठिंबा आहे. सदर एकत्रीकरण चालू वर्षाच्या आत व्हावे, अशी आमची मागणी आहे." एकत्रीकरण या शब्दाशी ती क्षणभर अडखळली, मग जोडाक्षर फोडून नीट म्हणाली.

"कळलं ना मावशी?"

"कळायचं काय त्यात? सगळ्यांनी एकत्र यायचं. याच वर्षात."

"अगदी बरोबर." उशिऱ्या हसला. "शंभरपैकी शंभर."

मावशीला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मार्क दिले होते. ती लाजलीच.

"फक्त हेडबाईंना हा कागद दाखवू नका. त्या नोकरीत आहेत. त्यांच्या डोळ्यांखालून गेला तर वरचे विचारतील, बाईंनीच भरीला घातलं का. उगाच त्यांना ताप."

हेही मावशीला पटलं. एवढा विचार करणारं पोर, म्हणून उलट कौतुकच वाटलं.

मग ती निघाली दारोदार. न्हाव्याच्या दुकानात गेली तर अर्ध्या गालाला साबण असलेलं गिऱ्हाईकही तिचाच विद्यार्थी निघालं.

"मावशी, सही करतो, पण त्या काचेच्या तावदानाचं अजून मनात नाही ना?"

"तू फोडलंस होय? मी तीस वर्षं वखारवाल्याच्या पोराला शिव्या घालतेय!"

बसचालकानं इंजिन चालू ठेवून खिडकीतूनच सही केली. परिचारिका म्हणाली, "मावशी, वाचायचं कशाला, कुठं करू ते सांग." पण मावशी ऐकणारी नव्हती. "वाचल्याशिवाय सही करू नये. मी वाचते, तू ऐक." आणि उभ्या उभ्या पूर्ण कागद, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत. शाळेशेजारच्या लाँड्रीत चिमणी होती. वर्गात चिमणीएवढाच आवाज फुटायचा म्हणून ती चिमणी. आता तीन इस्त्र्यांची मालकीण. तिनं हातातली इस्त्री उभी केली, शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मावशीकडे एकदा नीट पाहिलं आणि सही केली. मावशी म्हणाली, "अजून मुकीच आहेस की गं," आणि पुढच्या दाराला गेली.

दोन महिन्यांत दोनशे चौदा सह्या झाल्या.

मेळावाही झाला. शाळेच्या अंगणात खुर्च्या मांडल्या, टक्कल पडलेली पोरं एकमेकांना ओळखेनात, पोरींनी पोरांना जुन्या नावांनी हाका मारल्या. कोणी छप्पर दुरुस्त करून देतो म्हणालं, कोणी ग्रंथालयाला कपाट कबूल केलं. उशिऱ्यानं भाषण केलं, मावशीला पुढं बोलावून तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. घरी जाताना मावशीच्या मनात आलं, झालं एकदाचं एकत्रीकरण.

सहा आठवड्यांनी शिक्षण खात्याचं पत्र आलं.

मावशी शाळेत पोचली तेव्हा हेडबाई टेबलावर दोन्ही हात पालथे टाकून बसल्या होत्या. त्यांनी पत्र पुढं सरकवलं. "वाचा. तुम्हाला वाचायला आवडतं ना."

मावशीनं वाचलं. पण या वेळी तिचा आवाज मध्येच बसला. लिहिलं होतं की माजी विद्यार्थ्यांच्या लेखी मागणीचा विचार करून या शाळेचे पलीकडच्या शाळेत एकत्रीकरण करण्याचे योजले आहे. नव्या वर्षापासून इथले वर्ग बंद होतील. हरकत असल्यास अमुक तारखेच्या सुनावणीस हजर राहावे.

"बंद?" मावशी म्हणाली. "एकत्र येणं म्हणजे बंद?"

"दोन शाळांची एक करणं, त्याला एकत्रीकरण म्हणतात मावशी. छोटी जाते, मोठी राहते." हेडबाईंनी वर पाहिलं. "दोनशे चौदा सह्या आहेत, प्रत जोडलीय पत्राला. मी खात्यात फोन केला. म्हणे, शाळेच्याच मावशी घरोघर फिरत होत्या."

"बाई, मला..."

"मला एक शब्द बोलला नाहीत. चार दिवस या टेबलाशी बसून मी तुमच्या तोंडून नावं लिहून घेतली. तीच नावं, त्याच क्रमानं सह्या आहेत." हेडबाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "बाहेरच्यानं केलं असतं तर मी भांडले असते."

मावशीला तिथं उभं राहवेना. ती तडक उशिऱ्याच्या कार्यालयात गेली. काचेचं दार, आत गार हवा, भिंतीवर पलीकडच्या शाळेचं मोठं कॅलेंडर आणि खाली छापलेलं: 'आमचे सल्लागार'. पुढं उशिऱ्याच्या कार्यालयाचं नाव. मावशीनं तेही वाचलं, पण मनातल्या मनात.

"या मावशी! चहा सांगू?"

"चहा राहू दे. कागदात काय होतं?"

तो खुर्ची ओढून तिच्या समोर बसला, मास्तर ढ मुलासमोर बसतात तसा. "मावशी, त्रेसष्ट मुलं. अजून दोन वर्षांत आपोआप बंद पडली असती. तिकडे प्रयोगशाळा आहे, बस आहे. मुलांचं भलंच आहे यात."

"असेल. मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

"मी म्हणाले, सगळ्यांनी एकत्र यायचं. तू म्हणालास, शंभरपैकी शंभर."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग एकदम, जणू पंचवीस वर्षं मध्ये गेलीच नव्हती अशा आवाजात म्हणाला, "ए मावशी, खरं सांगितलं असतं तर तू गेली असतीस का दारोदार?"

'तुम्ही' म्हणून फसवलं ते एक वेळ तिनं सोसलं असतं. पण तो 'तू' तिच्या काळजात जाऊन बसला. परक्यानं सुरी चालवली तर माणूस ओरडतो तरी. आपल्यानं केसानं गळा कापला की आवाजसुद्धा निघत नाही.

"तुमचं नाव कुठंही नाही कागदावर," तो पुन्हा 'तुम्ही'वर आला. "मी मुद्दाम काळजी घेतलीय. तुम्हाला काही होणार नाही."

"मला काय व्हायचं राहिलंय रे?" मावशी उठली.

सुनावणीला खात्यातल्या लांबट खोलीत वीस-पंचवीस माणसं होती. एका बाजूला हेडबाई आणि चार पालक, दुसऱ्या बाजूला उशिऱ्या. समोर साहेब, नाकावर चष्मा, पुढ्यात तीच निळी फाईल. मावशी मागच्या बाकावर बसली होती. तिनं रात्रभर ठरवलं होतं काय बोलायचं, आणि त्याची लाज तिला आधीपासूनच वाटत होती. आयुष्यात तिनं एकच गोष्ट मिळवली होती, वाचता येणं. तीच आज चारचौघांत खाली ठेवायची होती.

साहेबांनी विचारलं, "सह्या करणाऱ्यांना मजकूर माहीत होता?"

"प्रत्येकाला पूर्ण वाचून दाखवलाय साहेब," उशिऱ्या म्हणाला. "शाळेच्याच जुन्या मावशींनी. त्या इथं आहेत."

"खरं का बाई?"

मावशी उभी राहिली. "वाचला साहेब. शब्दन् शब्द वाचला. पण त्यातला एक शब्द मला कळला नव्हता. मला वाटलं, एकत्रीकरण म्हणजे मेळावा."

मागं कोणीतरी फस्सकन हसलं. कोणी हसलं ते मावशीनं वळून पाहिलं नाही.

"म्हणजे कळत नसताना वाचलात?"

"कळतंय असं वाटत होतं साहेब. तेच तर वाईट."

साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, पण कागदाच्या बाहेर त्याला येता येत नव्हतं. "तुम्हाला कळला नसेल बाई, मान्य. पण सह्या तुमच्या नाहीत. ज्यांनी केल्या ते तर शिकलेले आहेत. त्यांना कळला नाही असं तुम्ही कसं म्हणता?"

"आणि साहेब," उशिऱ्या हळूच म्हणाला, "तसं म्हणायचं तर याच शाळेनं त्यांना काही शिकवलं नाही असं होईल."

हेडबाईंनी डोळे मिटून घेतले. मावशीला कळलं की आपण आता कुठूनही गेलो तरी शाळेच्याच अंगावर पाय पडतोय.

साहेबांनी निवाडा दिला नाही, मुदत दिली. पंधरा दिवस. ज्यांना सही मागं घ्यायची त्यांनी स्वतःच्या हातानं तसं लिहून द्यावं. निम्म्याहून जास्त सह्या गेल्या तर प्रस्ताव रद्द, नाहीतर मंजूर. म्हणजे एकशे आठ माणसं.

बाहेर जिन्यावर हेडबाई भेटल्या. मावशीला वाटलं, काहीतरी बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "यादी तुमच्या डोक्यात आहेच," आणि उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा दारोदार निघाली. न्हावी म्हणाला, "मावशी, केली ती केली. आता खात्याच्या कागदात कुठं हात घालायचा?" बसचालक म्हणाला, "लिहायला मला कुठं वेळ, तू लिहून आण, मी करतो सही." त्याला समजावलं की स्वतःच्या हातानं लिहायचंय, तर म्हणाला, "बघू." परिचारिकेनं मात्र लगेच चार ओळी लिहून दिल्या, पण देताना म्हणाली, "मावशी, मी तेव्हा ऐकलंच नव्हतं गं. तू वाचत होतीस आणि मी घड्याळ बघत होते." ज्यांनी वाचन ऐकलं नव्हतं त्यांचं एक वेळ ठीक. संध्याकाळपर्यंत नऊ कागद झाले.

शेवटी ती लाँड्रीत गेली. चिमणी चादरींच्या घड्या घालत होती. मावशीनं सगळं सांगितलं, साहेब, मुदत, एकशे आठ. "तुलाही तो शब्द कळला नसेल ना गं? तसं लिही. दोन ओळी."

चिमणीनं घडी पुरी केली. मग पुटपुटली, "मला कळला होता."

"काय?"

"एकत्रीकरण. कळला होता मला. माझ्या सासरकडची शाळा अशीच गेली."

यंत्र मागं घरघरत होतं. मावशीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कळला होता, आणि सही केलीस?"

"तू आणलेला कागद, मावशी." चिमणीचा आवाज लहानपणासारखाच, ओढून काढावा लागणारा. "मनात म्हटलं, मावशीच दारोदार फिरून शाळा बंद करा म्हणतेय, तर शाळेत आता काही राहिलं नसेल. दुसरं कोणी आलं असतं तर दारातून परत पाठवलं असतं. पुढच्याच आठवड्यात मी पोरीचं नाव तिकडं घातलं."

आतापर्यंत मावशीला वाटत होतं की उशिऱ्यानं तिला फसवलं. आता कळलं, त्यानं तिला हत्यार म्हणून वापरलं होतं. ज्यांना शब्द कळत नव्हता त्यांनी तिच्या मायेपोटी सही केली, आणि ज्यांना कळत होता त्यांनी तिच्यावरच्या भरवशापोटी. दोनशे चौदांतल्या किती चिमण्या होत्या देव जाणे.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?" तिनं विचारलं. "एक शब्द विचारला असतास, मावशी, असं का गं?"

चिमणीनं मान खाली घातली. "तू इतकं छान वाचत होतीस," ती म्हणाली. "मध्ये तोडावंसं वाटलं नाही."

एका गिऱ्हाइकानं कपड्यांचं बोचकं टेबलावर आणून टाकलं. मागं आणखी दोघं उभी होती.

"मावशी, आता गर्दी आहे," चिमणी म्हणाली. "आणि पोरगी तिकडं रुळलीय. मी... मी विचार करते. उद्या ये ना."

उद्या म्हणजे काय ते मावशीला चांगलं कळत होतं. तिनं पिशवीतून कोरा कागद काढला, पेन काढलं, दोन्ही इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला ठेवलं आणि भिंतीजवळचं स्टूल ओढलं.

"गिऱ्हाइकं जाऊ दे," ती बसत म्हणाली. "मी बसते इथंच."